शेगडीतली मोहरी

प्रिय बैबाल,

पत्राच्या सुरुवातीला प्रकृतीची चौकशी करायची असते, हे मला कळतं. ती मी करणार नाही. तू काळ्या समुद्राकाठी लेकीच्या घरात सपाता घालून बसला आहेस, तिथे म्हणे जानेवारीत पाऊस पडतो, आणि तुयारा तुला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते. अशा माणसाच्या प्रकृतीला काय धाड भरली आहे? त्यापेक्षा सरळच विचारतो. ट्रक मला विकण्याआधी त्यात तू काय टाकलं होतंस? उत्तराची घाई करू नकोस, आधी सगळं वाच. आणि एक अट आहे. हे पत्र तुयाराला वाचायला द्यायचं नाही, तुझं तू वाचायचं. यात मी तुझ्यावर जे आरोप करणार आहे ते लेकीच्या तोंडून ऐकायला तुला आवडणार नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू 'बरं, बरं' म्हणतोस आणि तो नातीच्या हातात देतोस.

तू ट्रक विकलास त्या दिवसापासूनच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. उभा जन्म मी गोठलेल्या नदीवरच्या या हिवाळी रस्त्यावर तुझ्या पुढेमागे ट्रक चालवला, पण तू मला कधी तुझ्या सीटवर बसू दिलं नाहीस. जेवायला उतरलास तरी केबिनला कुलूप. तोच तू गेल्या वसंतात, नदीवरचा बर्फ फुटायच्या आत, माझ्या घरी येतोस, किल्ली टेबलावर ठेवतोस आणि म्हणतोस, "घे उयबान. तुला वाटेल ते दे." घासाघीस नाही, बढाया नाहीत. चहासुद्धा अर्धा टाकून उठलास. कुठे निघालास विचारलं तर 'लेकीकडे'. परत कधी विचारलं तर टोपी शोधायला लागलास, आणि टोपी तुझ्या डोक्यावर होती. पुढच्याच आठवड्यात ड्रायव्हर लोकांची वर्षाची वैद्यकीय तपासणी होती. तिची वाट न बघता तू विमान पकडलंस. गॅरेजवाला हाबिरीस तेव्हाच म्हणाला होता, "बैबालनं ट्रक विकला? मग त्या ट्रकमध्ये काहीतरी मेलेलं असणार." मी त्याला झापलं, कारण तू माझा मित्र. पण घरी येऊन टॉर्च घेतला आणि ट्रकखाली पाठीवर सरपटत सगळा तपासला. मारफा दारात उभी राहून हसत होती. "नवरी घरी आणल्यावर दात कसले बघतोस, म्हाताऱ्या?" म्हणाली. दात ठीक होते. मला काही सापडलं नाही, आणि त्यामुळे माझा संशय वाढलाच.

हिवाळा लागला आणि ट्रक कूलंट प्यायला लागला. थोडं थोडं, आजारी माणूस पाणी पितो तसं. दर फेरीनंतर टाकीची रेघ खाली गेलेली असायची, पण खाली बर्फावर एक डाग नाही. आपल्या बर्फावर काही लपत नाही हे तुला माहीत आहे. कोंबडी शिंकली तरी दिसतं. मग इंजिनाचं हे हिरवं पाणी जातं कुठे? त्यात केबिनमध्ये एक गोडसर वास. मारफानं माझा कोट हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "लुकेरियाच्या कँटीनमध्ये तुला मुरांबा भरवतात वाटतं?" लुकेरियाला या वयात मुरांबा भरवण्यापेक्षा मला लाटण्यानं मारायला जास्त आवडेल हे मी शपथेवर सांगितलं. मारफाचा विश्वास बसला, माझा मात्र त्या वासावर बसेना.

आणि मग जानेवारीत घाटमाथ्यावर ते झालं. वरच्या गावाला पीठ, साखर आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा घेऊन निघालो होतो. उणे पन्नास, धुकं, मागेपुढे कुणी नाही. माथ्यावर नेहमीसारखा उतरलो, त्या जुन्या लार्चच्या झाडाला घोड्याच्या आयाळीचा केस बांधला, मारफाच्या धिरड्याचा तुकडा रस्त्याच्या धन्याला नैवेद्य म्हणून टाकला, परत केबिनमध्ये चढलो, आणि शेगडी गार. (आपण तिला जन्मभर शेगडीच म्हणत आलो. हाबिरीस तिला ऐटीत 'हीटरची कॉइल' म्हणतो. इंजिनाचं गरम पाणी दोन नळ्यांनी आत येऊन जी लहानशी जाळी तापवतं आणि पंखा जिच्यावरून वारा मारतो, ती.) गेले काही आठवडे वारा कोमट येत होता, मी दुर्लक्ष केलं होतं. आता तो तळघरातल्यासारखा यायला लागला. आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा? जागच्या जागी. इंजिन तापलेलं, माणूस गोठतोय. बघता बघता काचेवर आतून बर्फ चढला. चाकूनं खरवडून हाताच्या तळव्याएवढं भोक राखलं आणि त्यातून बघत उतरलो. पायातल्या जाड लोकरी नमद्याच्या बुटांत बोटं आहेत की नाहीत हे कळेना. बैबाल, त्या उतारावर मी तुला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. लुकेरियाच्या दारात मला दोघांनी धरून उतरवलं. डाव्या गालाचं कातडं अजून काळं आहे. 

म्हणजे आता प्रश्न पाण्याच्या रेघेचा राहिला नव्हता. कुणीतरी मला मारलं असतं. कोण, एवढंच शोधायचं होतं.

तू हसशील, पण मी सगळ्यांवर संशय घेतला. पहिला नंबर कूलंट विकणाऱ्याचा. मला वाटलं, पाणी मिसळून देतो. बरणीत भरून एका रात्रीसाठी अंगणात ठेवलं. सकाळी बघतो तर पाकासारखं दाट झालेलं, पण गोठलेलं नाही. तो सुटला. मग वाटलं चोरी. लुकेरियाच्या आवारात आपण सगळे इंजिन चालू ठेवून जेवायला बसतो, बंद केलं तर सकाळपर्यंत दगड होईल म्हणून. तेवढ्यात कुणी नळी घालून काढत असेल तर? मी काय केलं, घाटमाथ्यावर बांधायला ठेवलेल्या केसांतला एक केस काढला आणि टाकीच्या झाकणावर आडवा ताणून मेणानं चिकटवला. झाकण फिरवलं की केस तुटणार. मारफाला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "रस्त्याच्या धन्याचा केस! त्यानं तू चोर धरणार?" मी म्हटलं, धन्याला चोर आवडत असतील तर तसं त्यानं सांगावं. फेरीनंतर परत आलो, केस जसाच्या तसा. आणि रेघ खाली. कुणीही झाकणाला हात लावला नव्हता. ट्रक स्वतःच गिळत होता.

मग राहिला हाबिरीस. हिवाळ्याच्या तोंडावर त्यानंच थर्मोस्टॅट बदलला होता. मी ठरवून गॅरेजमध्ये गेलो आणि चुलीजवळच्या बाकावर बसून इकडचं तिकडचं बोलत राहिलो, डोळे मात्र त्याच्या भंगाराच्या ढिगावर. त्यानं मला पुरतं ओळखलं. "उयबान, तू चहा प्यायला आलायस की झडती घ्यायला?" म्हटलं, झडती. "मग नीट घे," म्हणाला आणि ट्रक आत घ्यायला लावला. त्यानं तेलाची काडी काढून माझ्या नाकासमोर धरली. "दूध झालंय का? नाही. म्हणजे इंजिनाच्या आत पाणी जात नाही." धुरांड्याचा धूर हुंगायला लावला. धूर धुरासारखाच. मग ट्रक नदीच्या चढावर तोंड वर करून उभा केला, झाकण उघडून इंजिन पळवलं, आत हवा अडकली असेल तर निघावी म्हणून. चार बुडबुडे आले आणि संपले. शेगडी गारच. शेवटी त्यानं माझा हातमोजा काढला, माझा हात धरला आणि इंजिनामागच्या दोन नळ्यांवर आळीपाळीनं ठेवला. एक नळी चटका देणारी. दुसरी मेलेल्या माशासारखी. "तोटी उघडी आहे, बघ," तो म्हणाला. "जाणारं पाणी उकळतंय, येणारं येतच नाही. मधे काय आहे?" मी म्हटलं, शेगडी. "मग चोर कुठे बसलाय?"

शेगडी काढायला जो वेळ गेला आणि हाबिरीसनं ज्यांना ज्यांना शिव्या दिल्या ते राहू दे. ती जाळी त्यानं बादलीवर धरली आणि उलट्या बाजूनं पाण्याचा जोर लावला. आधी काहीच नाही. मग एक गुठळी, आणि मग पिवळट तपकिरी लगदा, बदाबदा. गॅरेजमध्ये वास सुटला. मांसाच्या वड्यांबरोबर खातो ती मोहरी, बैबाल. हाबिरीसनं बोट घातलं, नाकाला लावलं आणि बसून हसायला लागला. "अरे, हे तर बैबालचं औषध!"

तुझं औषध कोण विसरेल? नदीवर रेडिएटरला भोक पडलं तेव्हा मारफानं माझ्या डब्यात दिलेली मोहरीची पूड तू अख्खी ओतलीस, ती फुगून भोकात बसली आणि सगळे ट्रक घरी आले. त्या दिवसापासून तुझ्या सीटखाली मोहरीची बरणी असायची, डॉक्टरच्या पेटीसारखी. हाबिरीसनं तुला तेव्हाच बजावलं होतं, मला अजून आठवतंय: "मोहरी भोकात बसते हे खरं, पण भोक कुठलं आणि नळी कुठली हे तिला कोण सांगणार?" तू म्हणाला होतास, "मी सांगतो की." सांगितलंस वाटतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सगळं जुळत होतं. ट्रक गळतोय हे तुला ठाऊक होतं. तू त्यावर मोहरी ओतलीस, गळती झाकलीस, आणि झाकलेला ट्रक माझ्या अंगणात आणून उभा केलास. म्हणून घासाघीस नाही, म्हणून चहा अर्धा, म्हणून टोपी. घाटात मी मेलो असतो तर मारफानं तुला फोन केला असता आणि तू तिला 'बरं, बरं' म्हणाला असतास. घरी येऊन मी तुझा फोटो भिंतीवरून काढला. आपण दोघं, मध्ये तो ट्रक, तोच. मारफानं विचारलं तर म्हटलं, खिळा सैल आहे. त्या दिवशी मी मांसाच्या वड्या मोहरीशिवाय खाल्ल्या.

पण मी संशयी माणूस आहे, आणि संशयी माणसाला स्वतःचा संशयसुद्धा नीट बसायला हवा असतो. एक गोष्ट बसत नव्हती. फसवणारा माणूस चांगली किंमत मागतो. तू मागितलीच नाहीस. मग मी तुझा शेवटचा हिवाळा आठवायला बसलो. जन्मभर सगळ्यांच्या पुढे ट्रक दामटणारा तू, त्या वर्षी मला म्हणायचास, "तू पुढे हो, मला तुझा मागचा दिवा दिसत राहू दे." समोरून ट्रक आला की तू बाजूला थांबून जायचास, तो जाईपर्यंत. काच सारखी हातमोज्यानं पुसायचास. अंधार पडला की लुकेरियाकडेच मुक्काम, आणि आपल्याकडे डिसेंबरात अंधार जेवणाआधीच पडतो. तेव्हा मला वाटलं होतं, तू चोरून प्यायला लागलास. खरं सांगतो, मी एकदा तुझ्या थर्मासचा वासही घेतला होता. चहाच होता.

आता पुढची गोष्ट. शहरातून नवी शेगडी येईपर्यंत हाबिरीसनं त्या दोन नळ्या एकमेकींना जोडून दिल्या आणि म्हणाला, गावातल्या गावात चालव, कोट दोन घाल. मी तळ्यावरून पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या आणायला लागलो. आणि इथे मला तुझ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे जी मी मारफालाही सांगितली नव्हती. सबंध हिवाळाभर मला समोरच्या दिव्यांभोवती कडं दिसत होतं. मोठं, दुधाळ, कडाक्याच्या थंडीत चंद्राभोवती पडतं तसं. मी धुक्याला नावं ठेवत होतो. पण आता आभाळ स्वच्छ झालं, धुकं गेलं, आणि कडं तसंच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी काय केलं असेल? आपल्याकडे सगळे करतात तेच. चहाचा गार चोथा फडक्यात बांधला आणि चुलीमागे लपून डोळ्यांवर पिळत बसलो. मारफानं मागून येऊन पाहिलं. मला वाटलं ओरडेल. ती खालीच बसली. आणि म्हणाली, "तूसुद्धा? बैबालही इथेच बसून हेच करायचा."

मग तिनं सगळं सांगितलं. तू तिला शपथ घातली होतीस म्हणून ती इतके दिवस गप्प होती. तू तिला म्हणाला होतास की तुझ्या बाबांसारखंच तुझं चाललंय. तुझ्या बाबांना मीही पाहिलंय, बैबाल. घरापासून गोठ्यापर्यंत बांधलेला दोर, त्यावर हात घासत ते गायींकडे जायचे, आणि तू शाळेतून आलास की आधी त्यांचा हात दोरावरून काढून आपल्या खांद्यावर ठेवायचास. तू मारफाला म्हणालास, "थंडीनं त्यांचे डोळे खाल्ले, आता माझे खातेय. तपासणीत माझं लायसन्स काढून घेतील, सगळ्यांदेखत. त्याआधीच निघालेलं बरं. आणि उयबानला सांगू नकोस, तो माझ्यामागे रोज दिवा घेऊन फिरेल." नव्या वर्षाच्या फोनवर तुयारा तिला म्हणाली की बाबा म्हणतात, इथल्या उबेनं डोळे जागच्या जागी थांबले, पण उत्तरेत पाऊल टाकलं तर आंधळा होईन. म्हणून तू वाचत नाहीस, टीव्ही बघत नाहीस, डोळे राखून ठेवतोस, जसे आपण परतीच्या वाटेसाठी डिझेल राखून ठेवतो. मी ते फडकं हातात धरून बसून राहिलो. मला तुझा राग यायला हवा होता, न सांगितल्याचा. आला नाही. रडू आलं, आणि मारफानं ते चहाचं पाणी आहे असं समजायचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळ्यावरून लाद्या घेऊन येत होतो. तुझ्याच विचारात होतो, आणि माझ्याही. आता आपण दोघं एकाच दोराला धरून गोठ्यात जाणार, वगैरे. समोरून पाण्याचा टँकर आला, दिवे लावून. तेच कडं. मी गाडी बाजूला घेतली, तू घ्यायचास तशीच, आणि थुंकायला दार उघडलं. उघड्या दारातून तो टँकर दिसला. दिवा लहान, पिवळा, कडेला सुरीनं कापल्यासारखा. कडं नाही. मी दार लावलं. कडं. उघडलं, नाही. लावलं, आहे. टँकरवाला जवळ येऊन थांबला आणि ओरडला, "आजोबा, दार मोडलंय का डोकं?" मी म्हटलं, "थांब तिथेच! दिवे बंद करू नकोस!" आणि त्याच्या इंजिनाच्या आवाजात मी दार उघडत राहिलो, लावत राहिलो. तो बिचारा घाबरून, टँकर तिथेच सोडून, हाबिरीसला बोलवायला गेला.

हाबिरीस आला. मी त्यालाही आत बसवून दार उघडायला-लावायला लावलं. त्यानं खिशातून व्होडकाची चपटी बाटली काढली (ही त्यानं पिण्यासाठी जवळ ठेवली नव्हती असं तो म्हणतो, मी मानत नाही), फडकं भिजवलं आणि काच आतून पुसली. फडकं तेलकट झालं. तुझ्या माझ्या हातमोज्यानं जे जन्मात निघालं नसतं, नुसतं पसरलं असतं, ते निघालं. फडक्याला जीभ लावली आणि लगेच थुंकला. "गोड," म्हणाला. मग आम्ही गॅरेजमध्ये जाऊन ती जुनी शेगडी भंगारातून काढली, एक तोंड बूच मारून बंद केलं, पाण्याच्या पिंपात बुडवली आणि दुसऱ्या तोंडातून पंपानं हवा भरली. एका शिवणीवर बुडबुड्यांची माळ उठली. इतकी बारीक की हाबिरीसला चष्मा लावावा लागला.

आता ऐक. तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात ती शिवण उसवली. कूलंट ठिबकायला लागलं असणार. तुला वाटलं रेडिएटर गळतोय, तू आपलं औषध पाजलंस. ते ओतलं नसतंस तर शेगडी सरळ पायाशी गळली असती, खालचा नमदा भिजला असता, तुला कळलं असतं आणि हाबिरीसनं एका दिवसात ती बदलली असती. पण मोहरीनं ठिबकणं थांबवलं, गळती पुरती नाही. उरलेली वाफ होऊन पंख्याबरोबर वर यायची आणि काचेवर बसायची. रोज थोडी. ती वाफ डोळ्यांना झोंबायची, आणि ते कडं तुझ्या डोळ्यांत नव्हतं, काचेवर होतं. केबिनच्या बाहेर तू कधी दिवे बघत उभा राहिला नाहीस. या थंडीत कोण राहतो? समुद्राकाठी गेलास आणि कडं गेलं. तुला वाटलं, उबेनं गेलं. ट्रक इथे राहिला म्हणून गेलं, बैबाल!

नवी शेगडी बसवून झाली आहे. काच मी तीनदा पुसली, व्होडकानं, मारफाच्या डोळ्यांदेखत, त्यामुळे एक थेंब वाया गेला नाही की माझ्या पोटात गेला नाही. फोटो पुन्हा भिंतीवर आहे, खिळा घट्ट केला. परवा घाटमाथ्यावर गेलो तेव्हा तुझ्या नावाचाही एक केस बांधला, आणि चोर धरायला वापरलेला केस धन्याला परत केला.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. फोनवर तुझे डोळे चांगले आहेत असं मी म्हटलं असतं तर तू 'बरं, बरं' म्हणाला असतास आणि मनात म्हटलं असतंस, म्हातारा मला बरं वाटावं म्हणून बोलतोय. मीही तेच म्हटलं असतं. म्हणून हे पत्र मी मुद्दाम जितक्या बारीक अक्षरात लिहिता येईल तितक्या बारीक अक्षरात लिहिलं आहे. मारफाला पाकिटात घालण्याआधी दाखवलं तर ती म्हणाली, मुंगी चालून गेलीय की काय यावर. तुयाराला द्यायचं नाही ही अट त्यासाठीच होती. चष्मा लावला असशील तर हरकत नाही, तो आता मलाही लागतो. पण इथपर्यंत आला असशील, स्वतः, एकटा, तर यातलं एक अक्षरही माझ्या सांगण्यावरून मानायची गरज नाही. संध्याकाळी अंगणात जा आणि रस्त्यावरचा दिवा बघ. मग ठरव. तुला तिथे नात आहे, पाऊस आहे, त्यासाठी राहिलास तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण आंधळा होशील म्हणून राहिला असशील, तर एका उसवलेल्या शिवणीपायी तू एवढ्या लांब जाऊन बसला आहेस. हिवाळी रस्ता एप्रिलपर्यंत उघडा आहे. किल्ली तुझ्या फोटोच्या खिळ्यावर टांगली आहे, मी अजून त्या सीटवर नीट बसत नाही. तू पुढे हो. या वेळी मी तुझा मागचा दिवा बघत येईन.

तुझाच,
उयबान